खुलासा

काही शब्दांचा स्वभाव माणसांसारखाच असतो. घरात एक आणि कचेरीत दुसरा. 'खुलासा' हाच शब्द घ्या. माझी आजी तो दोनच प्रसंगी वापरी. नातवंडांना एरंडेल पाजल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि घरातल्या दोन जावांचा आठ-आठ दिवसांचा अबोला सुटल्यावर. 'झाला बाई एकदाचा खुलासा!' असं ती म्हणे, आणि दोन्ही वेळी तिच्या आवाजात सुटकेचा तोच सुस्कारा असे. आत अडकून बसलेलं काहीतरी मोकळं झालं, एवढाच तिचा अर्थ. हाच शब्द कचेरीच्या कागदावर चढला की त्याची मुद्रा पालटते. 'तरी आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा चोवीस तासांच्या आत सादर करावा.' असा कागद हाती पडलेला माणूस काही मोकळा होत नाही. तो आधी दार लावून घेतो, मग कुणा जाणत्याला गाठतो, आणि शेवटी शक्य तितकं कमी लिहितो.

मी बालवर्गाची मास्तरीण. शिक्षण मॅट्रिकचं, हौस कादंबऱ्या लिहिण्याची, आणि नोकरी पंचवटीतल्या एका जुन्या शाळेत. तेव्हा कागदावरचा हा खुलासा मला परका नाही. शाळेची तपासणी म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला मी निराळं सांगायला नको. साहेब येणार म्हटलं की फळे धुतले जातात, भिंतींवर नवे तक्ते चढतात, आणि वर्गातल्या सर्वांत वांड पोराला नेमका त्याच दिवशी ताप येतो. साहेब येतात, बटाटेवडे खातात, शेरेबुकात 'काम समाधानकारक' असं लिहून जातात. वीस वर्षांत एकाही साहेबानं मला विचारलं नाही की, 'बाई, यंदाच्या वर्गातलं कोणतं मूल तुम्हांला कळत नाही?' दर वर्षी एक तरी मूल असं असतंच. विचारलं असतं तर मी साहेबांना सोडलं नसतं. त्यांची शेवटची बस चुकली असती!

तरी शाळेचं एक बरं असतं. मूल आज कळलं नाही तर उद्या कळेल, उद्या नाही तर दिवाळीच्या सुट्टीनंतर. ज्यांच्या हातून उद्याच निसटतो त्यांनी काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात आला तो वन्संमुळे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. नाशकातल्या एका इस्पितळात त्या पंचवीस वर्षं परिचारिका आहेत. इस्पितळाचं नाव सांगायचं नाही, या एकाच अटीवर त्यांनी मला हे लिहू दिलं आहे. रात्रपाळी संपवून त्या घरी येतात तेव्हा रामकुंडावर स्नानाला आलेल्यांची गर्दी पांगत असते. दारातच चपला, पिशवी आणि घड्याळ ठेवून त्या थेट न्हाणीत जातात. तोवर पोरांनी अंगाला हात लावायचा नाही. न्हाऊन आल्या की मात्र चहाच्या कपाबरोबर रात्रीच्या गमतीजमती सुरू होतात. कोण म्हातारा सलाइनची बाटली घेऊन घरी निघाला होता, कुणाच्या सासूनं सुनेच्या उशाखाली विळा ठेवला होता! आमच्या घरची करमणूक तीच.

चार वर्षांपूर्वी आश्विनात एक सकाळ अशी आली की वन्सं न्हाऊन आल्या आणि 'वहिनी, आज चहा नको' म्हणून खोलीत गेल्या. संध्याकाळी उठल्या, डबा घेतला, पुन्हा पाळीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात तो कागद होता. वॉर्डात नऊ दिवसांचं एक मूल पहाटे तीनच्या सुमारास गेलं होतं. डोंगराकडच्या तालुक्यातून आणलेलं. आई जेमतेम एकोणीस वर्षांची. त्या रात्री वॉर्डात खाटा किती आणि परिचारिका किती, याचा हिशेब मी मांडत नाही. ज्यांनी सरकारी किंवा धर्मादाय इस्पितळात एक रात्र काढली आहे, त्यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला असतो.

'तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना वहिनी? मला पाच ओळी लिहून द्या,' वन्सं म्हणाल्या.

मी लिहून दिल्या. बाळ किती वाजता दाखल झालं, औषध किती वाजता दिलं, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, ते किती वाजता आले. त्या पाच ओळींत एक अक्षर खोटं नव्हतं. आणि वन्संही त्यांत कुठं नव्हत्या. आठवड्याभरानं निकाल आला. खुलासा समाधानकारक वाटल्यानं प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आलं होतं. यजमानांनी पेढे आणावेत की काय, अशा विचारात ते दारात घुटमळले. वन्संच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चपला काढून आत आले.

त्यानंतरच्या दिवसांत मी एक पाहिलं. रात्री पाण्याला उठले की वन्सं आमच्या धाकट्याच्या अंथरुणाशी उभ्या असत. मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे, आणि ओठ नुसते हलत असलेले. त्या त्याचे श्वास मोजत होत्या. पोरगं आठ वर्षांचं, ठणठणीत, दिवसभर गोदेच्या घाटावर हुंदडून आलेलं!

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी चकल्या पाडायला बसलो. सोऱ्या त्यांच्या हातात, कढई माझ्याकडे. पहिला घाणा निघाला, आणि सोऱ्याकडेच पाहत त्या बोलल्या, 'दोन वाजता मी त्याच्या जवळून गेले होते, वहिनी. ते रडलं. रडणं बारीक होतं. मला वाटलं, थांबावं. पण पलीकडच्या खाटेवरची सलाइन संपत आली होती, म्हणून तिकडं गेले. मग आणखी एक आलं, मग आणखी एक. तीनला परत आले.'

मी म्हटलं ते अशा वेळी कुणीही म्हणतं. 'जाऊ द्या वन्सं, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही एकट्या काय काय करणार? त्याचं आयुष्यच तेवढं.'

त्यांनी सोऱ्या खाली ठेवला. 'तुम्ही मायेनं बोलता. पण तुम्हांला श्वास मोजता येत नाहीत,' त्या म्हणाल्या. 'मला शिक्षा नको होती आणि ही सुटकाही नको होती. ज्याला हे काम येतं अशा कुणीतरी माझ्यासमोर बसून सगळं ऐकावं आणि सांगावं, की दोनला थांबले असते तर काही झालं असतं का. झालं असतं तर तसं सांगावं. नसतं झालं तर तसं.'

दुसरा घाणा करपला. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी त्या चकल्या खाल्ल्या आणि यंदा खुसखुशीत झाल्यात म्हणाले. पाहुण्यांच्या सौजन्याला तोड नाही.

मास्तरणीला एक खोड असते. प्रश्न सुटला नाही तर ती पुस्तकाच्या मागं उत्तर शोधते. मीही शोधू लागले. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन हे चाललं होतं. आणि माझ्या ध्यानात आलं, की वन्संना जे हवं होतं त्याला जगात नाव आहे. इंग्लंडातल्या परिचारिकांमध्ये गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'क्लिनिकल सुपरव्हिजन' हा शब्द रूढ झाला. त्यांचा अर्थ असा, की रोग्याची सेवा करणाऱ्यानं ठरलेल्या वेळी, आपल्याहून जाणत्या माणसापुढं बसून, हातून घडलेल्या कामाकडे मागं वळून पाहावं. आपण सुपरव्हिजनचं भाषांतर 'देखरेख' असं करतो आणि तिथंच सगळं फसतं. परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेख करणाऱ्या मास्तरापुढं कुणी मन मोकळं केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्याही आधीची गोष्ट मायकेल बॅलिंट यांची. हे गृहस्थ मूळचे हंगेरीचे, मनाचे डॉक्टर. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी गल्लीबोळांतल्या साध्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. पत्नी एनिड यांचीही त्यांना साथ होती. एकानं आपल्या एखाद्या रोग्याची हकीकत सांगायची, आणि तीही कागद न पाहता. कागदात नाडी असते, ताप असतो. आठवणीत त्या रोग्यानं डॉक्टराला किती चिडवलं, किती घाबरवलं तेही असतं. बाकीच्यांनी ऐकायचं, विचारायचं. या बैठकांतून त्यांचं एक पुस्तक १९५७ साली निघालं. त्यातला एक विचार मला फार आवडला. साध्या डॉक्टराच्या दवाखान्यात सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. पण त्याची मात्रा किती द्यावी, कधी द्यावी, आणि ते बाधलं तर काय होतं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नसतं!

अमेरिकेतले डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली या मागं वळून पाहण्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा दृष्टांत मला नाशिककरीण म्हणून लगेच पटला. ते म्हणतात, प्रत्येक धंद्यात एक उंच, कोरडी जमीन असते. तिथले प्रश्न शास्त्रानं सुटतात. आणि खाली दलदल असते. तिथं शास्त्राचा पाय रुतत जातो, पण माणसांचे खरे प्रश्न असतात तिथंच. इगतपुरीकडे श्रावणाच्या आगेमागे भाताची आवणी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बांधावर उभं राहून सूचना देणारा कोरडा असतो. भात लागतो तो खाचरात पोटरीभर चिखलात वाकलेल्या बाईच्या हातानं.

पण लंडन-अमेरिकेपर्यंत कशाला गेले मी? ही गोष्ट आमच्याच महसुली विभागात, नाशकाहून एका दिवसाच्या वाटेवर, बायका बोलून गेल्या होत्या. जामखेड! तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. पाऊस रुसलेला मुलूख. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला डॉक्टर झालेलं. पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. खेड्याखेड्यांत शिकलेल्या नर्स ठेवाव्यात असं त्यांना आधी वाटलं होतं. ते जमलं नाही. परगावची तरुण मुलगी एकटीच खेड्यात राहायची कशी, आणि गावानं तिचं ऐकायचं कशाला? तेव्हा त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. आल्या त्या बहुतेक निरक्षर; पुष्कळशा दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या, कुणी शेतावर मजुरी करणाऱ्या. गावात ज्यांना कुणी 'अगं बाई' म्हणून हाक मारली नव्हती, त्यांना बाळंतपण, जुलाब, न्यूमोनिया, कुष्ठरोग शिकवायचा होता.

आरोळ्यांनी १९९४ साली आपल्या कामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. औषधं, विहिरी, बालकांचं वजन, सारं त्यात आहे. मी मात्र अडले ते त्यांच्या आठवड्याच्या वर्गावर. या बाया दर आठवड्याला जामखेडला येत. निरनिराळ्या जातींच्या बायांनी एकत्र बसावं, जेवावं, हेच आधी शिकायचं होतं. नवा धडा असे. पण त्याबरोबर, गेल्या आठवड्यात गावात काय घडलं, हेही प्रत्येकीनं सांगायचं. एक सांगे, बाकीच्या विचारत. एकीला जे जमलं ते दुसरी उचले, एकीला जे साधलं नाही त्यावर सगळ्या मिळून डोकं लावत. डॉक्टर तिथंच असत; जे चुकीचं ते चुकीचं म्हणत, आणि पुन्हा शिकवत. शिवाय जामखेडहून नर्स आणि इतरांची गाडी गावोगाव जाई, ती त्या बाईच्या पाठीशी उभी राहायला. १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागं १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हा आकडा पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली.

लोक म्हणतात, निरक्षर बायांनी चमत्कार केला. केला खराच. पण चमत्काराला दर आठवड्याला बसायला एक खोली होती, हे कुणी म्हणत नाही.

गडचिरोलीचंही तसंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घ्यायची पद्धत बसवली. थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बाया. त्यांना बाळाचं वजन घ्यायला, श्वास मोजायला, वेळ आली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मुलांच्या मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अहवाल छापून आला तेव्हा जगभर चर्चा झाली ती खेडवळ बाईच्या हातातल्या इंजेक्शनची. दर पंधरा दिवसांनी तिच्या गावात जाऊन, तिची वही उघडून, 'हे असं का झालं, सांग बघू' म्हणणाऱ्या माणसाची चर्चा कुणी केली नाही. बातमीच्या दृष्टीनं तो माणूस फारच कंटाळवाणा!

या गडचिरोलीच्या पद्धतीवरूनच पुढं देशभर आशाताईंना काम मिळालं. २००५ साली आशा आल्या. आणि आता बाळ इस्पितळात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जाऊन त्याला पाहायचं असतं. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्यावर गटप्रवर्तक असते, महिन्याला आरोग्य केंद्रात बैठक असते. म्हणजे खोली आहे, दिवसही ठरलेला आहे. डोंगरातल्या एका आशाताईला मी विचारलं, बैठकीत काय बोलता? ती हसली. 'बाई, फॉर्म किती भरले ते बोलतो. बेचाळिसाव्या दिवसाचा रकाना रिकामा दिसला तर विचारतात, का नाही भरला. बाळच नाही राहिलं म्हटलं की, बरं, पुढचं नाव सांगा.' गटप्रवर्तक तरी काय करील? तिलाही वरून कुणी फॉर्मच विचारत असतं. बाळंतीण दगावली तर का दगावली हे शोधण्याची रीत सरकारनं २०१० साली घालून दिली. आणि हे कुणावर ठपका ठेवण्यासाठी नाही, असं त्या नियमांत स्वच्छ म्हटलं आहे. ज्यानं ते लिहिलं त्याला खोलीत बसलेल्या सर्वांत धाकट्या बाईची धडधड ठाऊक असली पाहिजे. पण नियम कागदावर असतो, आणि खोलीत पहिला प्रश्न बहुधा त्याच बाईला येतो.

आमच्या म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते झालं. सबंध राज्यातली वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं त्याच्या छायेत येतात. नाशिककरांना द्राक्षं आणि कुंभमेळा यांच्याइतका त्याचा अभिमान वाटत नाही, पण वाटायला हरकत नाही. डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून देशभर एक बदल झाला. शरीरशास्त्राबरोबर वागणूक, नीती आणि रोग्याशी बोलणं हेही शिकवायचं ठरलं. आणि विद्यार्थ्यानं आपल्या अनुभवावर 'रिफ्लेक्शन' लिहायचं ठरलं. चांगलीच गोष्ट. माझ्या बालवर्गातून गेलेला एक मुलगा दूरच्या एका कॉलेजात डॉक्टर होतो आहे. सुट्टीत तो भेटायला आला तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेनं त्याची वही मागितली. त्यात लिहिलं होतं, 'या प्रसंगातून मी सहानुभूतीचं महत्त्व शिकलो.' पुढच्या पानावर, 'या प्रसंगातून मी संवादाचं महत्त्व शिकलो.' मी म्हटलं, 'आणि प्रसंग कुठं आहे रे?' तर म्हणतो, 'बाई, प्रसंग सगळ्यांचा एकच आहे. सीनियरची वही फिरते.'

मला हसू आलं, कारण ही वही मी ओळखते. 'मी पाहिलेला अपघात' या विषयावर आमच्या शाळेतल्या मोठ्या वर्गातली चाळीस मुलं निबंध लिहितात. चाळिसांच्या निबंधांत एकच ट्रक, एकच सायकलवाला, आणि एकच म्हातारी 'देवा रे' म्हणून ओरडते. ज्याला दहापैकी गुण मिळायचे आहेत असं दुःख कुणी खरं लिहीत नाही. आणि लिहायला भ्यावं अशीही कारणं असतात. इंग्लंडात एका तरुण डॉक्टरणीच्या हाताखालचं मूल दगावलं, तिच्यावर खटला झाला, आणि २०१८ साली तिचं नाव डॉक्टरांच्या यादीतून कमी झालं. काही महिन्यांनी अपिलात ते पुन्हा चढलं. पण मधल्या काळात सगळीकडे बोलवा उठली, की तिनं शिकण्यासाठी लिहिलेलं टिपणच तिच्याविरुद्ध वापरलं. ते टिपण न्यायालयापुढं पुरावा म्हणून आलंच नव्हतं, असं नंतर स्पष्ट झालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कितीतरी डॉक्टरांनी टिपणं लिहायचं बंद केलं, किंवा आमच्या मुलासारखं 'महत्त्व शिकलो' लिहायला सुरुवात केली. त्या गेलेल्या मुलाच्या आईला सत्य हवं होतं, हेही तितकंच खरं. सत्य सांगणाऱ्याला आधार द्यायचा, आणि आईलाही अंधारात ठेवायचं नाही, हे दोन्ही कसं साधावं याचा सोपा उपाय मला तरी कुठं सापडला नाही.

वन्संना मी हे सगळं वाचून दाखवी. त्या ऐकत, आणि 'असेल, असेल' म्हणत.

त्यांचा प्रश्न सुटायला पुढचा फाल्गुन उजाडला. त्यांच्या ओळखीच्या एक वृद्ध बालरोगतज्ज्ञ बाई. नोकरीतून केव्हाच मोकळ्या झालेल्या. वन्सं धीर करून त्यांच्या घरी गेल्या. बाईंनी दार लावलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, 'संध्याकाळी ओव्हर घेतलीस तिथपासून सांग.' तासभर ऐकलं. मधूनमधून विचारलं, बाळ अंगावर पीत होतं का, हातपाय गार होते का, श्वास शेवटचे कधी मोजलेस, किती होते. शेवटी म्हणाल्या, 'दोनला थांबली असतीस तर तासभर जास्त मिळाला असता. बाळ वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. आणलं तेव्हाच ते फार पुढं गेलेलं होतं. पण बारीक रडणं कानावर आलं आणि पाय थांबावासा वाटला, तर पुढच्या वेळी थांब. सलाइन दोन मिनिटं संपलेली चालते.'

वन्सं घरी आल्या, हातपाय धुतले आणि पानावर बसल्या. दोन वाढण्या भात मागून घेतला. मी काही विचारलं नाही. त्या रात्रीपासून धाकट्याचे श्वास कुणी मोजले नाहीत.

पुढं वर्षभरानं त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर झाल्या, आणि त्यांनी वॉर्डातल्या मुलींना एकत्र बसवायचं ठरवलं. दर गुरुवारी सकाळची ओव्हर दिल्यावर अर्धा तास. जागा चादरी-कपड्यांची खोली, कारण तिथं फोन नाही आणि साहेब फिरकत नाहीत. बसायला धुतलेल्या चादरींची गाठोडी. रजिस्टर आत आणायचं नाही. जी बाई तिथं हजर नाही तिचं नाव घ्यायचं नाही. चहा वन्संच्या पैशांनी.

पहिले तीन गुरुवार मुलींनी चहा घेतला, आणि पगार, बदल्या, नवीन गणवेशाचं कापड यांवर बोलल्या. कामाविषयी अवाक्षर नाही. वन्संना वाईट वाटलं; मग एके दिवशी पोळ्या लाटताना त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, 'अहो वहिनी, यांचे गोपनीय अहवाल मीच लिहिते की! माझ्यासमोर बोलतील कशा?' मी इतकी पुस्तकं चाळली होती. हा पेच मोठमोठ्या पंडितांनाही सुटलेला नाही. वन्संनी तो जुन्या बायकी युक्तीनं सोडवला. पलीकडच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर त्यांच्या मैत्रीण. सुनेनं सासूपाशी बोलू नये ते मावससासूपाशी बोलावं, तशी दोघींनी अदलाबदल केली. वन्सं त्यांच्या मुलींबरोबर बसू लागल्या, आणि त्या वन्संच्या.

सगळं सुरळीत चाललं आहे असं नाही. पाळ्यांची ओढाताण असली की गुरुवार बुडतो. वरून एकदा पृच्छा झाली, की अर्धा तास कपड्यांच्या खोलीत काय चालतं? 'चादरी मोजतो,' असं मैत्रीणबाईंनी सांगितलं. काही मुली येतच नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावत नाही. एकीनं तर सरळ सांगितलं, 'सिस्टर, मला हे पुन्हा आठवायचं नाही. मला घरी जाऊन झोपायचं आहे.' तिचंही बरोबरच आहे.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट वन्संनी मला सांगितली. त्या मुलीला विचारून आणि तिचं नाव गाळून. तेवीस-चोवीस वर्षांची, नोकरीला लागून वर्ष झालेली. तीन गुरुवार ती गाठोड्यावर बसून चहा पिऊन गेली. चौथ्या गुरुवारी म्हणाली, 'ते बाळ गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आईला सांगून ये. मी नाही गेले. मी स्टोअरमध्ये जाऊन उभी राहिले.'

मैत्रीणबाईंनी विचारलं, 'किती वेळ?'

'दहा मिनिटं असतील.'

'मग आईजवळ कोण होतं?'

मुलीनं आठवून पाहिलं. 'शेजारच्या खाटेवरची बाई. तिला कळलं होतं सगळं.'

'तिनं काय केलं?'

'काही नाही. तिचे केस सुटले होते, ते बांधून दिले. आणि पाणी पाजलं.'

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मैत्रीणबाई म्हणाल्या, 'पुढच्या वेळी मला हाक मार. मी सांगीन. तू पाणी घेऊन माझ्याबरोबर ये.'

मुलीनं मान हलवली. आणखी कुणीतरी काही विचारणार होतं, तेवढ्यात वॉर्डबॉयनं चादरींसाठी दार वाजवलं.